ऊस रानात उभा असताना सभेत प्रश्न विचारायचा कसा?

आडसाली_वाळवा:
नमस्कार मंडळी. मी वाळवा तालुक्यातली. वडिलांच्या माघारी सहकारी साखर कारखान्याचा शेअर माझ्या नावावर झाला, रानही मीच बघते. कारखान्याचं नाव लिहीत नाही, कारण बऱ्याच ठिकाणी हेच चालतं.

मागच्या वार्षिक सभेला अहवाल वाचूनच गेले होते. तोडणी-वाहतुकीचा खर्च आदल्या सालापेक्षा चांगलाच वाढलेला दिसला. हा खर्च आपल्याच उसाच्या दरातून वजा होतो, म्हणून वाढ कशामुळं झाली एवढंच विचारायचं होतं. विषयाचा नंबर पुकारला आणि वाक्य पुरं व्हायच्या आत पुढच्या रांगांतून "मंजूर, मंजूर" सुरू झालं. मी उठून उभी राहिले. शेजारच्या काकांनी मनगट धरून खाली बसवलं आणि हळूच म्हणाले, "पोरी, ऊस अजून रानात हाय न्हवं?"

काका वाईट नाहीत. बाबा गेले तेव्हा सगळ्यात आधी तेच धावून आले होते. मला वाचवायलाच त्यांनी हात धरला, आणि याचाच मला जास्त त्रास होतो. आमच्या गटात एकानं सभेत तोंड उघडलं होतं, त्याच्या उसाला कारखान्याकडून तोड मिळाली ती मार्च सरताना. तुरे येऊन ऊस पोकळ पडला होता. मुद्दाम केलं असं कागदावर कुठंच दिसणार नाही. तोडणी मजुरांची टोळी आली नाही, मुकादम पळाला, पाऊस झाला, कारणं हजार.

माझा प्रश्न असा: संचालकांच्या निवडणुकीत मतदान गुप्त आहे, एका सभासदाला एकच मत आहे, कुणाच्या डोक्याला बंदूक लावलेली नाही. मग मांडवभर लोक मान खाली घालून का बसतात? आणि यंदाची सभा तोंडावर आली आहे, मी काय करू?

कडेगावकर:
ताई, बंदूक लागतच नाही. आपला माल बघा ना. गूळ, हळद, बेदाणा पोत्यात ठेवता येतो, दर येईपर्यंत थांबता येतं. ऊस तोडला की दुसऱ्या दिवसापासून वजन आणि साखर दोन्ही उतरायला लागतात, आणि नाही तोडला तर रानात वाळतो. म्हणजे तोडीची तारीख ज्याच्या हातात, त्याच्या हातात आपलं वर्ष. सोसायटीचं कर्ज उसाच्या बिलातनं कापून जाणार, पाणी उपसा संस्थेचं, तिचा चेअरमन कारखाना चालवणाऱ्यांच्याच पार्टीतला. भावाचं पोरगं कारखान्यात टेम्पररी. एका प्रश्नाला किती दारं बंद होतात ते मोजा.

सभा सप्टेंबरात आणि हंगाम त्यानंतर, हा क्रमच आपल्या विरोधात आहे. मी स्वतः बोलत नाही. घरात दोन पोरं शिकतायत. मला भित्रा म्हणायचं तर म्हणा, पण लोकांना कळत नाही म्हणून ते गप्प आहेत असं कुणी समजू नये.

मिरजेची_बाई:
मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. स्टॅन्ली मिलग्रम यांचे प्रयोग, अमेरिकेत येल विद्यापीठात 1961 साली सुरू झालेले, दरवर्षी वर्गात सांगते. दुसऱ्या खोलीतल्या माणसाला विजेचे झटके देताय असं स्वयंसेवकांना भासवलं होतं, आणि प्रयोग घेणारा शांतपणे "पुढे चला" म्हणत राहायचा. गाजलेल्या प्रयोगात 40 पैकी 26 जण 450 व्होल्टच्या शेवटच्या बटणापर्यंत गेले. इथवर सगळ्यांना माहीत असतं.

त्याचाच दुसरा प्रकार मला जास्त मोलाचा वाटतो. त्यात बरोबर बसलेले दोन जण (ते आधीच ठरवून बसवलेले होते) मध्येच एकापाठोपाठ एक "आम्ही नाही करणार" म्हणून उठले. तेव्हा 40 पैकी फक्त 4 जण शेवटपर्यंत गेले. हुकूम तोच, खोली तशीच.

कडेगावकर दादांचा मुद्दा मला मान्य आहे. मिलग्रमच्या खोलीत कुणाचा ऊस वाळत नव्हता. पण मांडवात प्रत्येकाला वाटतं की बाकीच्या सगळ्यांना हे मंजूरच आहे. तसं नाही हे दिसायला पहिल्याइतकाच दुसरा माणूस लागतो. ताई, तुम्ही एकट्याच उठलात.

कुंडलचा_मास्तर:
बाळ, मी निवृत्त शिक्षक. आपल्या या सातारा-सांगलीच्या मातीत इंग्रजांविरुद्ध प्रतिसरकार झालं ते 1943 पासून. शेणोलीला 7 जून 1943 ला पगाराची रेल्वे लुटली ते सगळे अभिमानानं सांगतात. मला त्याहून मोठी वाटते ती न्यायदान मंडळांची गोष्ट. लोकांनी बांधाचे, देण्याघेण्याचे तंटे सरकारी कचेरीत न्यायचं सोडलं आणि गावातच मिटवले. कचेरी होती, फौजदार होता, पण गाव त्यांच्याकडे जाईना. सत्ता तिथं पातळ झाली. सगळंच गोड नव्हतं, फितुरांना जबर मारही बसला, तेही मुलांना सांगायला हवं. पण एकट्यादुकट्यानं नाही, गावंच्या गावं मागं होती.

आता तुझ्या कामाचं. मांडवात उठण्याआधी कागद हातात घे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960, कलम 32. ताळेबंद, नफातोटा पत्रक, सर्वसाधारण सभेचं आणि संचालक मंडळाचं इतिवृत्त, शिवाय तुझ्या स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी, हे सगळं कार्यालयीन वेळेत फुकट बघायचा तुला हक्क आहे. फी भरून नकलाही मिळतात. सभासदत्व काढतील अशी भीती घालतात, पण कलम 35 प्रमाणे त्यासाठी सभेत हजर असलेल्यांपैकी तीन चतुर्थांश मतं, तुझं म्हणणं ऐकून घेणं आणि वर सहकार खात्याच्या निबंधकांची मान्यता लागते. तोड लांबवणं त्यांना सोपं, सभासदत्व काढणं अवघड. म्हणून भ्यायचं असेल तर तोडीला भी, आणि तेवढ्यासाठी लागणीची नोंद, तारीख, जमिनीचा गट नंबर यांची पावती आजच जपून ठेव.

आडसाली_वाळवा:
मास्तर, बाई, मनापासून आभार. लागणीची पावती आहे, कपाटात नीट ठेवते. प्रश्न आधी लेखी अर्जात, काही जणांच्या सह्यांनी द्यायचा असं काकांशीही बोलले. ते उठणार नाहीत म्हणाले, पण "अर्जावर सही करतो" असं स्वतःहून म्हणाले. माझ्याच वाडीतल्या दोघी सभासद बायका तयार आहेत, एकीचा ऊस दुसऱ्या कारखान्यालाही जातो, तिला भीती कमी.

कडेगावकर दादा, तुम्हाला कुणी भित्रं म्हणणार नाही. पण अर्जात नेमकं काय लिहायचं यात मदत कराल का?

कडेगावकर:
लिहून देतो. प्रश्न एकच ठेवा, दोन सालांचा तोडणी-वाहतूक खर्च टनामागं किती आणि फरक कशाचा. अर्ज सगळ्या सह्यांनिशी सभेच्या आधी द्या, पोटनियमात किती दिवस आधी म्हटलंय ते बघा. दोन प्रती करा, एकीवर आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय तिथनं हलू नका. आणि सह्या एकाखाली एक नकोत, गोलात करा, म्हणजे पहिला कोण ते कळत नाही. माझी पण घ्या.