दंड ठोठावला, वसूल कोणाकडून करायचा?

वाटसरू:
४ ऑक्टोबर २०१० रोजी हंगेरीतील आयका येथील अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनियमचा कच्चा माल) कारखान्याच्या गाळतलावाचा बांध फुटला आणि कॉस्टिक सोडायुक्त तांबडा गाळ कोलोंतार व देवेचेरमधील घरांत शिरला. दहा जण दगावले, अनेकांची कातडी भाजली. पुढल्या वर्षी कंपनीला १३५ अब्ज फोरिंटांचा (हंगेरीचे चलन) दंड झाला; २०१३ मध्ये कंपनीचेच दिवाळे वाजले. ज्याने प्रदूषण केले त्यानेच भरावे, असे सांगणारा युरोपीय संघाचा २००४ चा निर्देश (सदस्य देशांसाठीचा कायदा) तेव्हा लागू होता, पण आर्थिक हमीबाबत, म्हणजे भरपाईच्या पैशांची आधीच तजवीज करण्याबाबत, त्यात सदस्य देशांनी प्रोत्साहन द्यावे एवढेच म्हटले आहे. धोकादायक उद्योगाला परवाना देण्याआधीच विमा किंवा बँक हमी घेणे सर्व देशांत सक्तीचे हवे.

आकडेमोड:
नदीतल्या जिवांना बाजारभाव नसतो, मग विमा कंपनी हप्ता कशावरून ठरवणार? अशा सक्तीने लहान कारखाने तेवढे बंद पडतील. त्यापेक्षा न्यायालयांवर भरवसा ठेवावा. डिसेंबर १९९९ मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्याजवळ टोटल या फ्रेंच तेल कंपनीचे तेल नेणारे एरिका जहाज दुभंगले. फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये टोटलला जबाबदार धरले आणि निसर्गाच्या हानीची स्वतंत्र भरपाईही मान्य केली.

वाटसरू:
म्हणजे किंमत लावता येते, हे आपल्याच उदाहरणाने सिद्ध झाले! शिवाय निकालापर्यंतची तेरा वर्षे टोटलसारखी धनाढ्य कंपनी तग धरू शकते. आयकाची कंपनी तीन वर्षेही टिकली नाही.

काठावरचा:
दोघेही सरकारला मोकळे सोडत आहात. जानेवारी २००० मध्ये रुमानियातील बाया मारे येथे सोन्याच्या प्रकल्पाचा बांध फुटून सुमारे एक लाख घनमीटर सायनाइडयुक्त पाणी वाहिले आणि तिसा नदीतून डॅन्यूबपर्यंत पोहोचले. त्या कंपनीत रुमानियन सरकारची भागीदारी होती, आणि स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००९ मध्ये दोषी ठरवले ते सरकारलाच. त्यात भर म्हणजे, एखाद्या कंपनीची चूक नसेल आणि उत्सर्जन परवान्यात बसत असेल तर तिला खर्चातून सूट देण्याची मुभा २००४ च्या निर्देशानेच सदस्य देशांना दिली आहे.

आकडेमोड:
ही पळवाट बुजवावी, हे मला मान्य आहे. हमीचे मात्र पटत नाही, कारण तिची रक्कम ठरवणार तोच अधिकारी, ज्याच्या सहीने आयकाचा तलाव चालू होता.