नर डुकराच्या मटणाचा वास: पिल्लं खच्ची करायचीच का?

मुळशीचा_वारा: नर पिल्लं खच्ची करणं बंद करा. ब्रिटनमध्ये बहुतेक नर तसेच वाढवतात आणि लवकर कापतात. खच्ची न केलेला नर कमी खुराकात जास्त मांस देतो, चरबीही कमी. वास आणणारं अँड्रोस्टेनोन नावाचं द्रव्य वृषणात तयार होतं आणि नर वयात आला की वाढून चरबीत साठतं. त्याआधी कापा, विषय संपला.

काटा_आणि_वय: कसला संपला? तिकडे चांगल्या खुराकावर जनावर साडेपाच-सहा महिन्यांत १०० किलोच्या घरात जातं. पुण्यात हॉटेलच्या खरकट्यावरचा गावठी-यॉर्कशायर संकर तेवढ्या वेळात निम्मंही वजन धरत नाही. विकायला येईपर्यंत तो काट्यावर लहान आणि वयाने घोडा. ग्रंथी वजन बघत नाहीत. पहिल्या आठवड्यात पशुवैद्यकाकडून बधिर करून खच्ची करा. आधी अंडकोशावर बोट फिरवून हर्निया तपासा. तो असताना चीर दिली की आतडं बाहेर येतं.

कोरडी_फरशी: दोघंही अर्धाच वास सांगताय. मुताचा, घामट दर्प अँड्रोस्टेनोनचा. शेणाचा किंवा डांबरगोळीसारखा वास स्कॅटोलचा. मोठ्या आतड्यातले जंतू प्रथिनातलं ट्रिप्टोफॅन (एक अमिनो आम्ल) फोडतात, त्यातून ते होतं. शेणात लोळलं तर कातडीतूनही शिरतं. म्हणून शेवटचे दोन आठवडे फरशी कोरडी आणि गर्दी कमी ठेवा. कच्च्या बटाट्याच्या स्टार्चनेही ते उतरतं. हॉटेलातला उकडलेला बटाटा मात्र बिनकामाचा, तो लहान आतड्यातच पचतो.

काटा_आणि_वय: फरशी धुऊन अँड्रोस्टेनोन जात नाही. उलट तेच यकृताला स्कॅटोल मोडू देत नाही, त्यामुळे वयात आलेल्या नरात दोन्ही वाढतात.

सुईवाला: मग सुरीऐवजी वृषणाचं काम थंड करणारी लस. २ मिलीचे दोन डोस, मध्ये किमान ४ आठवडे, दुसरा कापण्याआधी ४ ते ६ आठवडे. पहिल्या डोसने फक्त शरीर तयार होतं. दुसरा चुकला तर वास तसाच. टोचणाऱ्याने सुईला संरक्षक टोपण असलेली पिचकारीच वापरावी, स्वतःला टोचून घेतली तर त्याच्याही हार्मोनवर परिणाम होऊ शकतो. इथे ती मिळते का, हे मात्र आधी पशुवैद्यकाला विचारा.

मुळशीचा_वारा: एवढं कशाला? कॅम्पातल्या गिऱ्हाइकाला विंदालूच्या व्हिनेगरात काही कळत नाही.

तव्यावरचा_न्याय: व्हिनेगर थोडं झाकतं, पण चरबी तापली की वास सुटतो, आणि तो घरभर. मानेची काड्यापेटीएवढी चरबी तव्यावर तापवून लगेच हुंगा. एकट्याच्या नाकावर जाऊ नका, कित्येकांना अँड्रोस्टेनोनचा वासच येत नाही. तीन जण तरी हवेत, त्यात बायका असल्या तर बरं. त्यांचं नाक साधारणपणे जास्त तिखट. चरबीत ग्रॅममागे ०.२ मायक्रोग्रॅम स्कॅटोल झालं की गिऱ्हाइकं नाक मुरडायला लागतात.

मुळशीचा_वारा: खरकट्यावरच्या कळपापुरतं खच्चीकरण मान्य. पण बधिर केल्याशिवाय नको. जर्मनीत २०२१ पासून तशी बंदीच आहे. चांगल्या खुराकावरच्या नराला मात्र अजूनही हात लावू देणार नाही.

काटा_आणि_वय: चालेल, पण जन्मतारखेचा बिल्ला कानात मारा. काट्याचा आकडा दाखवू नका.