मदत हवी आहे: पावसाळ्यात झिंक ऑक्साइडच्या फिल्मचा विद्युत रोध स्थिर राहत नाही

नमस्कार मंडळी. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी स्प्रे पायरोलिसिसने (तापलेल्या काचेवर द्रावण फवारून) काचेवर झिंक ऑक्साइडची पातळ फिल्म केली आहे. द्रावण 0.1 मोलर झिंक ॲसिटेटचं, काच 400 अंशांवर. नायट्रोजन डायऑक्साइड ओळखायचा आहे. तो फिल्ममधले इलेक्ट्रॉन ओढून घेतो, म्हणून रोध वाढतो. मे महिन्यात 200 अंशांवर हे अगदी छान दिसत होतं.

पाऊस सुरू झाला आणि सगळं बिघडलं. नुसत्या हवेतला रोध मेमध्ये 40 मेगाओमच्या आसपास होता, आता सकाळी 15 आणि दुपारी 22. गॅस सोडल्यावर वाढ होते, पण बंद केल्यावर आकडा मूळ जागी येतच नाही. पृष्ठभागावरच्या ऑक्सिजनची जागा बाष्प घेत असणार, एवढं कळतं. उपाय मात्र सापडत नाही.

मोजणीआधी तासभर 300 अंशांवर कोरड्या हवेत तापवली तर पुरेल का? बाष्प शोषायला हवेच्या नळीत सिलिका जेल भरलंय, पण त्याचे निळे दाणे दोन दिवसांत गुलाबी होतात, म्हणजे ओलावा शोषून भरतात. फिल्मला तारा जोडणारे चांदीच्या पेस्टचे संपर्कच खराब झाले असतील, तर ते कसं तपासायचं? कुणी दमट हवेत अशी मोजणी केली असेल तर कृपया सविस्तर सांगा, पुढच्या महिन्यात सादरीकरण आहे.