आदर्श जगण्याच्या शोधात निघालेल्या खऱ्या माणसांवरची कादंबरी सुचवा

सांजवात:
आमच्या वाचनकट्ट्यावर आम्ही नऊजणी आहोत. मागच्या महिन्यात आनंदीबाई जोशींवरची कादंबरी घेतली आणि चर्चा रात्री साडेनऊपर्यंत रंगली. आता सगळ्यांना तसंच काही हवंय. माणसं खरी हवीत, आणि जग असं असायला हवं म्हणून घरदार सोडून निघालेली. परदेशातली चालतील, इंग्रजीही चालेल. फक्त थोरवी गाणारं पुस्तक नको.

नदीकाठ:
पेरूचे लेखक मारिओ व्हार्गास योसांची 'द वे टू पॅरडाइज' डोळे मिटून घ्या. मूळ स्पॅनिश, २००३ची. एक प्रकरण कामगारांसाठी झटणाऱ्या फ्लोरा त्रिस्तानचं, पुढचं तिचा नातू चित्रकार पॉल गोगँ याचं, अशी बावीस. आजी १८४४ला गेली, नातू १८४८ला जन्मला. भेट नाहीच.

फ्लोरासाठी तरी वाचाच. वडील पेरूचे, आई फ्रेंच. त्यांचं लग्न कायद्याने मानलं नाही, म्हणून वारसाहक्क गेला. सतराव्या वर्षी शिळाछापखान्याच्या मालकाशी लग्न. जाच असह्य झाला, पण फ्रान्समध्ये तेव्हा घटस्फोटाची सोयच नव्हती. ती पळाली. १८३८मध्ये नवऱ्याने तिच्यावर गोळी झाडली, ती छातीतच राहिली. तशीच ती १८४४मध्ये ओसेर, दिजाँ, लियाँ, मार्सेय करत कामगारांपुढे बोलत फिरली. ती म्हणायची, वर्षाला दोन फ्रँक द्या, सत्तर लाख कामगारांचे एक कोटी चाळीस लाख होतील. त्यातून शहरोशहरी इमारती उभारू, मुलांना शिक्षण आणि म्हाताऱ्या-जखमींना आसरा देऊ. तो हिशोब वाचताना मला आईची भिशीची वही आठवली. बोर्दोमध्ये फ्लोरा वारली तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होती.

लेखक मधूनच तिच्याशी 'फ्लोरिता' म्हणत एकेरीत बोलतो. आधी अडखळायला होतं. मग अभंगात विठोबाला 'तू' म्हणतात तितकं ते जवळचं वाटू लागतं.

गवतीचहा:
पुस्तक चांगलंच आहे, पण कट्ट्यावर आधी सांगून ठेवा. गोगँची प्रकरणं मला फार जड गेली. बायको आणि पाच मुलांना युरोपात ठेवून हा त्रेचाळिसाव्या वर्षी ताहितीला गेला आणि तिथे तेरा-चौदा वर्षांच्या तेहामानाला 'बायको' केलं. दुसऱ्याच प्रकरणात तो रात्री उशिरा घरी येतो, अंधारात काडी ओढतो, तर ती पालथी पडलेली, भुताच्या भीतीने डोळे विस्फारलेले. त्यातून त्याचं प्रसिद्ध चित्र झालं. मला चित्र दिसेना, पोरच दिसत राहिली. दोन आठवडे पुस्तक मिटून ठेवलं होतं.

सांजवात:
मग फक्त फ्लोराची प्रकरणं घेतली तर?

नदीकाठ:
नको. गवतीचहांचं खरं आहे, मलाही तिथे त्रास झाला. पण आजी नवऱ्याच्या तावडीतून सुटायला आयुष्यभर झगडते, आणि पुढचं पान उलटलं की नातवाचा स्वर्ग एका कोवळ्या पोरीच्या जिवावर उभा दिसतो. प्रकरणं वेगळी काढलीत तर हे दिसणार नाही. मूळ स्पॅनिश नावाचा अर्थ 'स्वर्ग पुढच्या कोपऱ्यावर', त्यातला लहान मुलांचा खेळही कळणार नाही. आपल्या खांबखांबोळीसारखा आहे तो: 'स्वर्ग इथे आहे का?' 'नाही, पुढच्या कोपऱ्यावर.'

सांजवात:
ठरलं, पूर्णच घेतो. दोन महिने ठेवते, महिन्याला अकरा प्रकरणं. आमच्यात दोघी शिक्षिका आहेत, त्यांच्या वर्गात तेराच्याच मुली असतात. त्यांना दुसऱ्या प्रकरणाबद्दल आजच फोन करून सांगते.