तालुक्याच्या ग्रंथालयाचे अभ्यासिकेत रूपांतर करावे का?

कार्यवाह_विदर्भ

नमस्कार. विदर्भातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या शासनमान्य ‘ब’ वर्ग सार्वजनिक ग्रंथालयाचे काम मी पाहतो. गेल्या काही वर्षांत घरी पुस्तके नेणाऱ्या सभासदांची संख्या सातत्याने घटत आली आहे. उरलेल्यांत निवृत्त शिक्षक आणि दुपारी येणाऱ्या काही गृहिणी यांचाच भरणा अधिक आहे. याउलट स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली सकाळी दार उघडण्याआधीच पायरीवर येऊन बसतात. त्यांना आमच्या कपाटांतील पुस्तके फारशी नको असतात. बसायला जागा, पंखा आणि शांतता मिळाली की ती समाधानी असतात.

यावरून सर्वसाधारण सभेत मतभेद झाले. कथा-कादंबऱ्यांची कपाटे मागच्या खोलीत हलवून मुख्य दालन अभ्यासिकेला द्यावे आणि माफक मासिक शुल्क घ्यावे, असे काहींचे म्हणणे पडले. तसे झाले तर पाटीवर ‘ग्रंथालय’ हा शब्द तेवढा उरेल, अशी भीती इतरांनी व्यक्त केली. दोन्ही म्हणण्यांत मला तथ्य दिसते. अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त_ग्रंथपाल_कोल्हापूर

कार्यवाह महोदय, कपाटे कुठे ठेवावीत हा प्रश्न नंतरचा आहे. आधी हे पाहावे लागेल की तुमचे ग्रंथालय चांगले चालले आहे किंवा नाही, हे आज कशावरून ठरते. आपला सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा आणि अनुदानाचे नियम १९७० चे. त्यानुसार ग्रंथसंख्या, सभासदसंख्या, वर्तमानपत्रे, नियतकालिके आणि ग्रंथालय उघडे राहण्याचे तास पाहून अ, ब, क किंवा ड वर्ग मिळतो आणि त्या वर्गाप्रमाणे परिरक्षण अनुदान, म्हणजे ग्रंथालय चालवण्यासाठी मिळणारी शासकीय मदत, ठरते. त्या काळी हे निकष योग्यच होते, कारण खेड्यापर्यंत छापील मजकूर पोहोचत नाही हीच मोठी अडचण होती. आज ती अडचण बऱ्याच अंशी दूर झाली असली, तरी तपासणीला येणारा अधिकारी मुख्यतः दाखलनोंद वही, म्हणजे ग्रंथालयात आलेल्या पुस्तकांची नोंदवहीच, पाहतो. त्यात त्याचा दोष नाही, नियमानेच त्याला तसे पाहायला शिकवले आहे.

याचे परिणाम मी जवळून पाहिले आहेत. अनुदानाचा हप्ता उशिरा येतो आणि आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी खर्च दाखवायचा असतो, त्यामुळे वाचकाला काय हवे याचा विचार न करता मिळतील ती पुस्तके घाईने घेतली जातात. वाळवी लागलेली आणि वर्षानुवर्षे कोणी न मागितलेली पुस्तके निर्लेखित करायलाही, म्हणजे नोंदीतून रीतसर काढून टाकायलाही, ग्रंथपाल कचरतो, कारण संख्या घटली तर वर्ग जाईल अशी धास्ती त्याला असते. २०१२ मध्ये महसूल यंत्रणेकडून राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी झाली, तेव्हा केवळ कागदावर चालणारी ग्रंथालये उघडकीस आली. त्यानंतर नवी मान्यता आणि वर्गोन्नती दीर्घकाळ थांबली आणि त्याची झळ प्रामाणिकपणे काम करणाऱ्या संस्थांनाही बसली. २०२२ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ जाहीर झाली. ग्रंथालय कर्मचाऱ्यांचे तुटपुंजे मानधन पाहता ती आवश्यकच होती, किंबहुना अपुरी होती. परंतु निकष तेच राहिले तर वाढीव रकमेतूनही जुनेच काम होत राहील.

दुसरी उणीव पैशाच्या वाटेची आहे. १९४८ च्या मद्रास कायद्याने ग्रंथालय कर लावला आणि केरळमध्ये इमारत करावर ५ टक्के ग्रंथालय अधिभार घेतला जातो. आपल्या कायद्यात अशा कराची तरतूदच नाही. स्वातंत्र्यापूर्वी, १९४५ मध्ये, ग्रंथालय कायदा करणारे संस्थान म्हणून आमच्या कोल्हापूरचे नाव घेतले जाते, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण आज गावकरी ज्या ग्रंथालयासाठी थेट कर भरत नाही, त्याबद्दल तो जाबही विचारत नाही आणि आपली सारी नजर शासनाच्या हप्त्याकडे लागून राहते.

अभ्यासिकेतली

मी तालुक्याच्या एका ग्रंथालयाच्या अभ्यासिकेत बसूनच नोकरीला लागले, म्हणून लिहावेसे वाटते. घरी दोन खोल्या आणि सहा माणसे असली की अभ्यासाला कोपरा मिळत नाही, आणि मुलगी असेल तर पाहुण्यांचा चहाही तिच्याच वाट्याला येतो. खासगी अभ्यासिकेत जायला मला घरून परवानगी मिळाली नसती, शिवाय तिचे शुल्कही परवडले नसते. ग्रंथालयात मात्र गावातील ओळखीची ज्येष्ठ मंडळी येत-जात असल्याने आईवडील निश्चिंत असत. त्यामुळे अभ्यासिका झाली म्हणजे संस्थेचा दर्जा घसरला, हे म्हणणे मला पटत नाही.

तरीही कपाटे मागच्या खोलीत नेऊ नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मी जिथे बसत असे तिथे अभ्यासिकेचे शुल्क वेगळे, पुस्तकांची वर्गणी आणि अनामत वेगळी, आणि पुस्तके जाळीच्या पलीकडे होती. त्या संपूर्ण काळात मी एकही अवांतर पुस्तक घरी नेले नाही आणि कोणी ते माझ्यापुढे ठेवलेही नाही. एकाच शुल्कात दोन्ही सोयी द्या आणि पुस्तके अभ्यासाच्या दालनातच, हाताला लागतील अशी मांडा.

आणखी एक गोष्ट जबाबदारीने लिहिते. या मुलांपैकी बहुतेकांची निवड होणार नाही, कारण अर्ज करणारे लाखोंच्या घरात असतात आणि जागा त्या मानाने फारच थोड्या. वयाची अट ओलांडेपर्यंत नुसती खुर्ची पुरवणारी संस्था त्यांना पुरेशी पडत नाही. इतर अभ्यासक्रम, शिष्यवृत्त्या, व्यवसायासाठीच्या कर्जयोजना यांची अद्ययावत माहिती देणारा माणूस तिथे हवा.

सीमाभाग_बेळगाव

ताईंच्या शेवटच्या मुद्द्यावरून आमच्याकडचे एक उदाहरण देतो. कर्नाटकच्या १९६५ च्या कायद्यात मालमत्ता करावर ६ टक्के ग्रंथालय कर आहे. असे असूनही ग्रामपंचायतींची ग्रंथालये बराच काळ दुर्लक्षित होती. २०१९ मध्ये अशी ५,६०० हून अधिक ग्रंथालये ग्रंथालय खात्याकडून ग्रामविकास व पंचायतराज खात्याकडे सोपवण्यात आली. कागदावर हा केवळ खातेबदल होता, पण प्रत्यक्षात ज्या पंचायतीच्या हद्दीत ग्रंथालय आहे तिलाच ते आपले वाटू लागले. इमारतीची रंगरंगोटी, संगणक, मुलांच्या खेळांचे साहित्य यांसाठी पंचायतीने आणि ग्रामस्थांनी हात पुढे केला. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, शाळा बंद असताना ‘ओदुव बेळकु’ (वाचनाचा प्रकाश) या उपक्रमातून ६ ते १८ वयोगटातील मुलांना विनामूल्य सभासदत्व देण्यात आले. आता ही ग्रंथालये ‘अरिवु केंद्र’ (ज्ञानकेंद्र) म्हणून ओळखली जातात. सगळीकडे सारखेच चित्र आहे असे मी म्हणणार नाही. जिथे ग्रंथपाल मनापासून काम करतो तिथेच मुले टिकतात.

आपल्याच परंपरेतही असा दाखला आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथालयतज्ज्ञ विल्यम बोर्डन यांना बडोद्याला आणून ग्रंथालयांचे जाळे उभारले, तेव्हा गाव, प्रांत पंचायत आणि दरबार असा तिघांचा वाटा त्यात असे. ज्या गावात ग्रंथालय नव्हते तिथे पुस्तकांच्या पेट्या पाठवल्या जात.

लेखापरीक्षक

चर्चा चांगली चालली आहे, परंतु एक शंका मांडतो. पुस्तकांची संख्या मोजण्याऐवजी वापर मोजावा, असा एकंदर सूर दिसतो. ज्या संस्थेने खोटी सभासद-यादी तयार केली, ती पुस्तकांच्या देवघेवीची खोटी नोंदही तयार करू शकेल. फळीवरचे पुस्तक निदान मोजून तरी पाहता येते. निकष बदलला म्हणजे प्रामाणिकपणा आपोआप येतो, असे माझ्या अनुभवाला आलेले नाही.

निवृत्त_ग्रंथपाल_कोल्हापूर

आपली शंका रास्त आहे आणि तिला पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. मात्र खोटी नोंद तपासणी-अधिकाऱ्यापासून लपवणे जितके सोपे असते, तितके ती गावापासून लपवणे सोपे नसते. दर महिन्याला किती जण येऊन गेले, किती पुस्तके घरी गेली, त्यांत मुलांची आणि स्त्रियांची किती, हे दारावरच्या फलकावर लिहावे आणि वर्षातून एकदा ग्रामसभेत किंवा नगरपरिषदेत वाचून दाखवावे. ग्रंथसंख्येचा निकष पूर्णपणे काढून टाकावा असेही मी म्हणत नाही; त्याचे वजन कमी करून अभ्यासिका, बालविभाग आणि देवघेव यांना गुण द्यावेत. हा बदल नियमांतूनच व्हायला हवा. तोपर्यंत तुमच्यासारख्या संस्थांनी आपापली आकडेवारी जमवून जिल्हा ग्रंथालय संघामार्फत ती शासनापुढे ठेवावी.

कार्यवाह_विदर्भ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पुढील कार्यकारिणीपुढे मी असा प्रस्ताव ठेवणार आहे की मुख्य दालन अभ्यासिकेला द्यावे, परंतु कपाटे त्याच दालनात भिंतीला लावून उघडी ठेवावीत. अभ्यासिकेच्या शुल्कातच पुस्तके घरी नेण्याचा हक्क द्यावा. आणि शाळकरी मुलांकडून वर्गणी किंवा अनामत घेऊ नये. अनामत न घेतल्यास पुस्तके परत येणार नाहीत, हा आक्षेप निश्चितच येईल. काही पुस्तके हरवतील हे गृहीत धरून त्यासाठी अंदाजपत्रकात थोडी रक्कम राखून ठेवता येईल, असे मला वाटते.

कपाटांना जागा करायची तर जीर्ण पुस्तके काढावीच लागतील. निर्लेखनाचा ठराव आणि सोबतची यादी कोणत्या नमुन्यात केली म्हणजे तपासणीत वर्गाला बाधा येणार नाही, एवढे ग्रंथपाल महोदयांनी कृपया सांगावे.