मदत हवी आहे: लेडी मॅक्बेथबद्दल मुलांना बोलतं कसं करू?

खडूची_धूळ: सोमवारी शेक्सपिअरच्या 'मॅक्बेथ'चा दुसरा अंक सुरू करायचाय. मुलं ऐकतात, उतरवून घेतात, पण पात्राबद्दल विचारलं की गाइडमधलं एकच वाक्य, 'शी इज ॲम्बिशस'. मला मुलांनी बोलायला हवंय. वर्गात करण्यासारखं काहीतरी सुचवा, लवकर.

मागचा_बाक: वर्ग कुठला? मुलं किती? तास किती मिनिटांचा? यातलं काहीच लिहिलं नाहीत.

तिसरी_घंटा: आधी शिरवाडकरांचं 'राजमुकुट' (1954), म्हणजे 'मॅक्बेथ'चं मराठी रूपांतर, वाचून दाखवा. माणसं कळली की इंग्रजी आपोआप येतं. मी दरवर्षी हेच करतो.

अनुस्वार: आपोआप काही येत नाही हो. तयार मराठी मिळालं की मुलं मूळ पुस्तक उघडतच नाहीत.
ताई, दुसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश घ्या. राजाचा खून नुकताच झालाय, मॅक्बेथ आणि त्याची बायको दोघं घाबरलेत. 'व्हेन?' 'नाउ.' 'ॲज आय डिसेंडेड?' इंग्रजीला बिचकणारं पोरही एवढं बोलतं. जोड्या लावा. एकदा कुजबुजत म्हणू दे, एकदा भांडल्यासारखं. मग विचारा, कुठलं खरं वाटलं आणि का. पहिल्यांदा उत्तर मराठीत आलं तरी चालेल.

तिसरी_घंटा: म्हणजे मराठी चालतंच की!

अनुस्वार: मुलांच्या तोंडचं चालतं. तुम्ही वाचून दाखवलेलं नको.

नदीपल्याड: परीक्षेत पात्रपरिचयाला चार मुद्दे आणि दोन अवतरणं पुरतात. माझ्या नोट्स आहेत, हव्यात का?

खडूची_धूळ: नोट्स नकोत, त्यांच्याच तर मागे लागलीत मुलं. एस.वाय.बी.ए., साठच्या वर पोरं, बहुतेक मराठी माध्यमाची. तास 48 मिनिटांचा. बाकं जमिनीला ठोकलेली. हॉट सीटिंग (एकानं पात्र होऊन बसायचं, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे) केलं तर पुढच्या तीन मुलीच बोलतात.

मागचा_बाक: हे आधी सांगायचं ना! बाकं ठोकलेली असली तरी पुढच्यांना मागे वळता येतं. एका बाकाला खुनानंतरच्या वाक्याची चिठ्ठी द्या, थोड्या पाण्यानं सगळं धुतलं जाईल असं ती म्हणते ते. मागच्या बाकाला पाचव्या अंकातलं, झोपेत चालताना अरबस्तानातली सगळी अत्तरंही पुरणार नाहीत म्हणते ते. दोन्ही बाकांनी मिळून शोधायचं, मधल्या काळात या बाईचं काय झालं? पुरावा नाटकातूनच द्यायचा. मित्राला, बँकोला मारायचा बेत नवरा तिला सांगतच नाही, हे तिसऱ्या अंकात एखाद्या गटाला सापडतंच, आणि मग 'ॲम्बिशस' पुरत नाही हे त्यांचं त्यांना कळतं.
हॉट सीटिंगला एकीला बसवू नका, अख्खी रांगच लेडी मॅक्बेथ करा. एकानं एक वाक्य बोलायचं, पुढचं शेजारच्यानं. 'आय डिड इट बिकॉज...' अशा सुरुवाती फळ्यावर लिहून ठेवा.

तिसरी_घंटा: रांगेत मुलगेही घ्या. शेक्सपिअरच्या काळी या भूमिका मुलगेच करायचे. आपल्याकडे तर बालगंधर्वांच्या साड्यांची नक्कल बायका करायच्या! देवलांनी ऑथेल्लोवरून 'झुंझारराव' लिहिलं...

अनुस्वार: झुंझाररावासाठी वेगळा धागा काढा, सर. मुलग्यांचं मात्र पटलं.

खडूची_धूळ: चिठ्ठ्या करायला घेतल्यात. मूळ इंग्रजीच लिहू ना? अर्थ द्यायचा का?

मागचा_बाक: मूळच लिहा. अडेल त्या एकदोन शब्दांचा अर्थ चिठ्ठीच्या पाठीमागे. प्रसंग कुठला ते मात्र लिहू नका, ते त्यांनाच शोधू दे.