मुलीला मालिकेच्या सेटवर पाठवताना आपण कोणते प्रश्न विचारतो?

धागा मांडणारी : सहायक दिग्दर्शिका, छत्रपती संभाजीनगर

गेल्या महिन्यात अंबाजोगाईला बहिणीच्या घरी दोन दिवस बैठक बसली होती, तिच्यावरून हा विषय मांडावासा वाटतो. भाचीने पदवीची परीक्षा दिली असून मुंबईतील एका मराठी मालिकेच्या दिग्दर्शन विभागात तिसऱ्या सहायकाचे काम तिला मिळण्याची शक्यता आहे. बैठकीला दोन काका, एक मामा, आजी आणि शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक एवढी मंडळी होती. रात्रीचे चित्रीकरण, नटमंडळींची संगत, पुढे स्थळ पाहताना येणारी अडचण आणि ‘लोक काय म्हणतील’ यांवर पुष्कळ बोलणे झाले. दिवसाचे मानधन किती, ते हाती कधी पडणार, खोलीची अनामत कोण भरणार, श्रेयनामावलीत नाव येणार की नाही, यांपैकी एकही प्रश्न कोणी विचारला नाही. मुलगा असता तर पहिला प्रश्न पगाराचाच आला असता, असे मी म्हटले, तेव्हा मामांनी चहा मागवला.

अब्रूचा हा प्रश्न नवा नाही. दादासाहेब फाळक्यांना १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती करायला स्त्री मिळाली नाही, म्हणून अण्णा साळुंके यांना लुगडे नेसवावे लागले. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. दुर्गाबाई पतीपासून वेगळ्या झाल्या होत्या आणि मुलीला सांभाळून चरितार्थ चालवायचा होता. अब्रूच्या प्रश्नाला पहिले उत्तर पोटाने दिले, असे मला त्यावरून नेहमी वाटते.

माझा स्वतःचा हिशोब सांगते. पहिल्या मालिकेत बिल महिनाअखेरीस जायचे आणि पैसे त्यानंतर ९० दिवसांनी यायचे, म्हणजे पहिल्या दिवशी केलेल्या कामाचा पहिला रुपया चौथा महिना उलटल्यावर दिसला. तोपर्यंत चौघींत घेतलेली खोली, लोकलचा पास आणि डबा हे सगळे आईने सोसायटीतून काढलेल्या कर्जावर चालले. शिफ्ट १२ तासांची, जाण्यायेण्याचे तीन तास वेगळे. २०१७ पासून २६ आठवड्यांची प्रसूती रजा कायद्यात असली, तरी ती नोकरीवर असलेल्या स्त्रीची. दिवसाच्या दराने बोलावल्या जाणाऱ्या मुलीला तिचा उपयोग जवळजवळ नाही. त्यात आपल्याकडे मुलीला मिळणारी मुदत तोकडी असते. या क्षेत्रात पाय रोवायला चार-पाच वर्षे लागतात आणि घरचे म्हणतात, ‘दोन वर्षे बघ, नाहीतर स्थळे बघू.’ मुलाला मात्र नाही जमले तर शेत असते.

आणि काम तरी कसले, हे कोणी विचारले का? मालिकेतील सून दारातून बाहेर पडते ते दृश्य आज चित्रित होते आणि ती अंगणात येते ते नऊ दिवसांनी, दुसऱ्याच ठिकाणी. पदर कोणत्या खांद्यावर होता, हिरव्या बांगड्या एका हातात सात होत्या की आठ, हातातल्या कपात चहा किती उरला होता, हे टिपून ठेवणाऱ्या व्यक्तीवर ते दोन तुकडे जुळतात. आमच्या भाचीला तीन वर्षांपूर्वीच्या लग्नात कोणत्या काकूने कोणती नथ घातली होती, हे आजही तोंडपाठ आहे. (घरात या गुणाला आजवर चोंबडेपणा म्हणत आले.)

मुलीच्या चारित्र्यावर दोन दिवस खर्च करण्याऐवजी घराने पहिल्या सहा महिन्यांच्या पैशांची तजवीज करावी, एवढेच माझे मत आहे. आपल्याला काय वाटते?

प्रतिसाद : एक पालक, परभणी

ताई, आपला हिशोब मान्य आहे, परंतु आपण आमच्या भीतीची थट्टा केली, ती मान्य नाही. मला दोन मुली आहेत आणि ‘लोक काय म्हणतील’ याच्या आड मी जे लपवतो, ते लोकांचे बोलणे नसून माझी असहायता असते. केरळमध्ये २०१७ साली एका अभिनेत्रीवर झालेल्या अत्याचारानंतर निवृत्त न्यायमूर्ती हेमा यांची समिती नेमली गेली. तिने डिसेंबर २०१९ मध्ये अहवाल दिला आणि तो लोकांसमोर यायला ऑगस्ट २०२४ उजाडला. कामाच्या बदल्यात शरीरसुखाची मागणी होते, सेटवर स्त्रियांना स्वच्छतागृह आणि कपडे बदलायला जागासुद्धा मिळत नाही, असे त्यात नोंदवलेले आहे. ही उदाहरणे मल्याळम चित्रसृष्टीतील आहेत, हे मला ठाऊक आहे. पण इकडे सारे आलबेल आहे, असे सांगणारा अहवाल कोणी दाखवील काय?

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे आणि १० किंवा अधिक माणसे असतील तेथे तक्रार समिती असलीच पाहिजे, हेही मी वाचले आहे. तथापि चित्रीकरण आज मढला, उद्या घोडबंदरला, आणि ‘उद्यापासून येऊ नका’ एवढ्या एका निरोपावर जिचे काम सुटू शकते, ती मुलगी कोणाकडे जाणार? माझी थोरली मुलगी येथील रुग्णालयात परिचारिका आहे. तेथेही त्रास होऊ शकतो, पण तेथे हजेरीपट आहे, वरिष्ठांचे कार्यालय आहे आणि मी दुचाकीवर अर्ध्या तासात पोहोचू शकतो. बाप म्हणून मी हे अंतरच मोजतो.

प्रतिसाद : रंगभूषाकार, लातूर

मला दोघांचेही अर्धेच पटले. पैसे आणि सुरक्षितता यांच्याआधी दार उघडे आहे की नाही, हा प्रश्न असतो. मुंबईतल्या चित्रपटसृष्टीत स्त्रीने केशभूषा करावी आणि रंगभूषा पुरुषानेच करावी, असा रंगभूषाकारांच्या संघटनेचा शिरस्ता पन्नासहून अधिक वर्षे चालला. बाईला रंगभूषाकार म्हणून संघटनेचे सदस्यत्वाचे कार्डच मिळत नसे. रंगभूषाकार चारू खुराणा यांनी दाद मागितल्यावर नोव्हेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मोडीत काढला. नियम गेला तरी सवय लगेच जात नाही. मी मुंबईला गेले तेव्हाही मुख्य नटाच्या चेहऱ्याला हात लावण्याची वेळ माझ्यावर क्वचित आली. मला गर्दीतील बायकांच्या वेण्या दिल्या जात.

मी परत आले, त्याला चार वर्षे झाली. आता लातूर, उदगीर, निलंगा या पट्ट्यात नवरीची रंगभूषा करते, तुळशीच्या लग्नानंतर श्वास घ्यायला सवड नसते आणि पैसे हळद निघायच्या आत मिळतात. म्हणून धागाकर्तीला माझा उलट प्रश्न आहे : मुंबईलाच गेले पाहिजे, हे गृहीत का धरायचे? परत आलेल्या मुलीकडे सगळे ‘जमलं नाही वाटतं’ अशा नजरेने पाहतात, त्यात मुंबईत टिकलेल्या बायकाही असतात. जे शिकले ते मी येथे विकते आहे, याला अपयश म्हणत नाहीत.

प्रतिसाद : नाट्यशिक्षक (निवृत्त), नांदेड

रंगभूषेचे काम येथे चालते, कारण लग्ने येथे लागतात. पण संकलन, ध्वनी, छायालेखन शिकलेल्या मुलीने येथे काय करावे? चित्रनगरी गोरेगावला आहे, कोल्हापूरला आहे. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत नाही. मालिकेतले खेडे बहुधा कोल्हापूर-साताऱ्याकडचे असते, त्यामुळे आमच्या मुलीने निवड चाचणीत ‘काय करूलालीस?’ म्हटले की समोरचा हसतो आणि तेच वाक्य कोल्हापुरी ढंगात म्हणून दाखवायला सांगतो. आपल्या बोलीची एवढीही पत तेथे नाही.

आता थोडे आमच्याच पदराखालचे. मी पंचवीस वर्षे युवक महोत्सव आणि राज्य नाट्य स्पर्धेसाठी नाटके बसवली. त्या सर्व वर्षांत प्रकाशयोजनेच्या पेटीपाशी मी मुलगा बसवला आणि वेशभूषेच्या ट्रंकेपाशी मुलगी. एका वर्षी मुलगा तापाने पडला, तेव्हा एका मुलीने दोन तालमींत सारे संकेत पाठ करून प्रयोग निभावला. निकाल चांगला लागला आणि पुढच्या वर्षी मी पुन्हा मुलगाच बसवला. का, ते आजही नीट सांगता येत नाही.

आणखी एक. औरंगाबादच्या ‘जिगीषा’ या नाट्यसंस्थेची मंडळी मुंबईला गेली, त्यांत प्रतीक्षा लोणकर होत्या. पुढे दूरदर्शनवरच्या ‘दामिनी’ मालिकेने त्या घराघरांत पोहोचल्या. आपण त्यांचे यश सांगतो, पण ती मंडळी गटाने गेली होती, हे सांगायचे राहते. लेखक, दिग्दर्शक, नट सगळे आपले, तालमीला जागा नसली तरी वाट पाहणारी माणसे होती. आजची मुलगी एक निवड चाचणी आणि एक खोली यांच्या भरवशावर एकटी जाते. परभणीच्या गृहस्थांची भीती आणि ताईंचा हिशोब, दोन्ही या एकटेपणापाशी येऊन थांबतात, असे मला वाटते.

धागा मांडणारी

परभणीच्या दादांची क्षमा मागते. थट्टा माझ्या मामांची होती, आपली नव्हे. लातूरच्या ताईंचा टोलाही योग्य ठिकाणी बसला. परत आलेल्या मैत्रिणींना मी स्वतः तशाच नजरेने पाहिले आहे.

मात्र सुरक्षितता आणि हिशोब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे मला अजूनही वाटत नाही. आपण सांगितलेल्या २०१३ च्या कायद्यात तक्रार करण्याची साधारण मुदत तीन महिन्यांची आहे. मानधन ९० दिवसांनी येते. म्हणजे तक्रार करण्याची मुदत चालू असते, त्या संपूर्ण काळात तिने केलेल्या कामाचे पैसे ज्यांच्याविरुद्ध बोलायचे त्यांच्याच हाती अडकलेले असतात. जिच्या खात्यात सहा महिन्यांचा खर्च आहे, ती तोंड उघडू शकते. जिच्या खात्यात नाही, ती खोलीच्या भाड्यासाठी गप्प बसते. मी एकदा बसले होते, म्हणून सांगते. १० पेक्षा कमी माणसे असलेल्या ठिकाणच्या तक्रारींसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समितीची तरतूद आहे, हेही मला त्या वेळी ठाऊक नव्हते.

नांदेडच्या सरांचे गटाचे म्हणणे मी बहिणीला वाचून दाखवले. विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातील दोन मुली आधीपासून गोरेगावला राहतात, भाची त्यांच्यासोबत राहील, असे ठरत आहे. बहिणीने एक वही केली आहे. पहिल्या पानावर पैसे, दुसऱ्यावर तक्रार समितीतल्या सदस्यांची नावे, अशी तिने पाने आखली आहेत. दुसरे पान अजून कोरे आहे, कारण निर्मिती संस्थेला विचारले असता ‘सांगतो’ एवढेच उत्तर आले.

प्रतिसाद : एक पालक, परभणी

क्षमेची आवश्यकता नव्हती. माझे मत बदललेले नाही. धाकटीने विचारले तर मी आजही नकोच म्हणेन. मात्र ते दुसरे पान भरले की नाही, आणि किती दिवसांनी भरले, हे येथे अवश्य लिहावे. धाकटीने विचारायला सुरुवात केली आहे.